सुरुंगातले बैल

कोळशाच्या खाणीत दोन गोष्टी आपोआप साठतात. एक पाणी, दुसरे किस्से. पाणी उपसायला पंप आहे. तो बहुधा बंद असतो, पण आहे! किस्स्यांसाठी तेवढीही सोय नाही. चांद्याजवळच्या या खाणीत मला लागून अजून वर्ष व्हायचं आहे, आणि किस्से गळ्याशी आले आहेत. नागपूरच्या मैत्रिणी विचारतात, "त्या जंगलात तुझा वेळ कसा जातो गं?" वेळ जात नाही बायांनो, इथली माणसं तो घालवतात! विशेषतः पन्नाशीच्या पुढची.

*

आमच्या शेटजींच्या कानावर आलं की इतर खाणी तेवढ्याच बारुदीत दुप्पट कोळसा पाडतात, कारण त्यांच्याकडे सायन्स आहे. शेटजींनी मॅनेजर सबनीस साहेबांना निरोप धाडला, "आपल्याकडेही सायन्स ठेवा. स्वस्तातलं बघा."

स्वस्तातलं म्हणजे मी! बी.एस्सी. झालेली, नोकरीसाठी तडफडणारी, आणि मुलगी असल्यामुळे निम्म्या पगारात मिळणारी.

काम असं, की खाली कोळशात भोकं कशी पाडतात, बारूद कशी भरतात, आणि एवढं करून कोळसा कमी का पडतो, हे शोधायचं आणि सुधारायचं. पहिल्याच दिवशी पदर खोचून मी खाणीच्या तोंडाशी हजर! तिथे ओव्हरमन नानाभाऊ उभे होते. ओव्हरमन म्हणजे खालच्या सगळ्या कामावरचा मुख्य माणूस. पांढऱ्या मिशा, कमरेला पट्टा, चेहऱ्यावर 'तुझ्यासारख्या लय पायल्या'. त्यांनी हात आडवा केला.

"खाली जाता येत नाई, बाई. सरकारी कायदा हाय. बाईमाणसाले खाणीत मनाई."

खरंच होता कायदा! सबनीस साहेबांनी तो काढूनही दाखवला. त्यांना आधीपासून माहीत होता.

"मग मला नेमलं कशाला?"

"शेटजींनी सायन्स ठेवा म्हटलं होतं," साहेब शांतपणे म्हणाले. "ते खाली गेलं पाहिजे, असं कुठे म्हणाले?"

नानाभाऊंना माझी दया आली. "तुमी वरून सांगा, बाई. आमी खालून करतो."

"आणि मी वरून सांगितलेलं तुम्हाला खाली ऐकू कसं येणार?"

"थे तर नाईच येणार," नानाभाऊ समाधानाने म्हणाले.

*

आषाढात शेटजी स्वतः आले. पावसात गाडीतून उतरले आणि सबनीस साहेबांच्या टेबलावर त्यांनी एक भलंमोठं पितळी कुलूप ठेवलं.

"दिवाळीपर्यंत कोळसा वाढला नाही, तर हे खाणीला लावणार!"

 मजुरांच्या लाईनीतली शंभर घरं या खाणीवर जगतात. शेटजी गेले. मग नानाभाऊंनी कुलूप उचलून उलटसुलट पाहिलं.

"साहेब, पण खाणीले दार कुठी हाय?"

खरंच! डोंगराच्या कुशीत उघडं भोक आहे ते. दार नाही, चौकट नाही. मला वाटलं, आता सगळे हसतील. साहेब मात्र गंभीर झाले. "हा मुद्दा आहे. शेटजी दिवाळीत कुलूप लावायला आले आणि दार नसलं, तर आपली शोभा होईल."

दुसऱ्या दिवशी सुतार आला! कोळसा कसा वाढवायचा यावर कुणी ब्र काढला नव्हता. दार सागाचं की बिजाचं, यावर मात्र तीन बैठका झाल्या.

*

खाण बंद पडावी म्हणून अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस देवाला नवस बोलत होता. ते माझे बाबा.

ते नागपूरहून भेटायला आले, खाणीकडे एक नजर टाकली आणि साहेबांना आशेने विचारलं, "मग, कधी बंद होते आहे?"

कारण वर्ध्याला एक मुलगा पाहून ठेवलेला होता. खाणीला कुलूप लागलं की मी मुकाट घरी यायचं आणि वर्ध्याला होकार द्यायचा, असं मी भांडणाच्या भरात कबूल करून बसले होते. खाण चालली, तर माझा शब्द चालणार.

"मुलगा अतिशय शांत आहे, बेबी," बाबा म्हणाले. "एक अक्षर बोलत नाही."

"मग मी बोलू कुणाशी?"

"तेच तर! तुला मधे कुणी अडवणार नाही."

जाताना सुताराने रंधा मारलेल्या दाराच्या फळीवरून त्यांनी प्रेमाने हात फिरवला. "काम मजबूत होऊ दे हो," म्हणाले.

*

खाली जाता येत नाही, तर मी भोकांचा आराखडा वर काढायचं ठरवलं. ऑफिसच्या मागच्या भिंतीवर, खडूने.

आमच्याकडे सगळी भोकं सरळ पाडत. एकमेकांशी अबोला धरल्यासारखी. मला मधली दोन तिरपी हवी होती, आत एकमेकांकडे झुकणारी. म्हणजे आधी मधला कोळसा पाचरीसारखा निसटतो आणि बाजूच्या सुरुंगांना फुटायला जागा होते. मी घसा बसेपर्यंत समजावलं. नानाभाऊ आणि त्यांचे भोकं पाडणारे गिरमिटवाले माना डोलवत होते. इतक्या माना डोलल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येते, तर भिंतीला भोकं! बरोब्बर माझ्या खुणांवर. मधली दोन तिरपी. गिरमिटवाले घाम पुसत उभे.

"पाडली, बाई," नानाभाऊ म्हणाले. "इटा लय कडक होत्या. आता बारूद केव्हा भराची?"

"अहो, ते समजवायला काढलं होतं! पाडायची होती खाली!"

"मंग खुणा खाली कराच्या होत्या."

"खाली मला मनाई आहे ना!"

"मंग भिंतीवर काऊन राग काढला?"

भोकं थेट सबनीस साहेबांच्या खोलीत निघाली होती. साहेबांनी ती बुजवू दिली नाहीत. वारा छान येतो म्हणाले! तेव्हापासून मी मागे उभी राहून म्हाताऱ्यांबद्दल काही बोलले, की भिंतीतून आवाज येतो, "हळू बोला जरा, ऐकू येतं."

*

सुरुंग उडाला की धूर निवेपर्यंत सगळ्यांनी आडोशाला थांबायचं. नियम चांगला आहे. पण आमच्याकडे एका सुरुंगानंतर माणसं इतका वेळ आडोशाला बसत, की त्यात दुसरा उडवून झाला असता. धूर एवढा कसा राहतो?

शेवटी मी राजय्याला गाठलं. राजय्या म्हणजे आमचा सुरुंग उडवणारा. सिरोंच्याचा, बोलणं निम्मं तेलुगू, आणि माझ्या तोंडाला जाम घाबरणारा.

"राजय्या, खरं सांग. धूर इतका वेळ राहतो?"

"लेदू, अम्मा. नाई राहत," तो इकडेतिकडे बघत कुजबुजला. "धूर जाते. वाघ ऱ्हाते."

वाघ? चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. आडोशाला बसलं की नानाभाऊ वाघाची गोष्ट सांगत. त्यांच्या तरुणपणी सूरजागडच्या डोंगरात भेटलेला वाघ. गोष्ट संपण्याआधी उठणं म्हणजे नानाभाऊंचा अपमान, आणि गोष्ट संपतच नसे.

मी नानाभाऊंना म्हटलं, "गोष्ट जरा छोटी करा."

"वाघ झुडपात दबून बसला हाय, बाई. त्याले तसाच सोडून कोळसा भरू काय?"

मी त्यांच्या बायकोला विचारून गोष्टीचा शेवट काढला. सकाळी पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला खाणीच्या तोंडाशीच सांगून टाकलं, "वाघ शेवटी विहिरीत पडून मरतो. जा कामाला!"

त्या दिवशी सुरुंग पटापट उडाले. नानाभाऊ माझ्याकडे न बघता घरी गेले. मी जिंकले होते!

दुसऱ्या दिवशी पाळी कधी नव्हे इतकी उशिरा वर आली. मी संतापून विचारलं, आता काय झालं?

"अम्मा," राजय्याचे डोळे विस्फारलेले होते, "थो विहिरीतून निंगाला!"

*

खरं दुखणं मात्र मातीचं होतं.

भोकात बारूद सारली की पुढे भोक ओल्या मातीने गच्च भरायचं. नाहीतर सगळा जोर तोंडातून बाहेर! फुस्स! आणि कोळसा जागच्या जागी हसत बसतो. वर बायांची मुकादम पार्बताबाई आणि तिच्या बाया तळ्याच्या मातीच्या कांड्या वळत. पण त्या टोपल्या खाली नेतो कोण? निम्म्या तोंडाशीच पडून वाळत. कारण नानाभाऊंचं मत.

"मातीनं कोळसा फुटते काय? फुटते थे बारूदीनं! माती घालाची चिमूटभर, देवाले बुक्का लावल्यावानी."

मी प्रयोग करून दाखवायचा ठरवला. मैदानात सगळ्यांना जमवलं. एक फटाका उघड्यावर लावला. फट्ट. तसाच दुसरा घासलेटच्या रिकाम्या डब्याखाली लावला. धडाम्! डबा ऑफिसच्या कौलांवरून पलीकडे गेला.

"पाहिलंत? कोंडलं की जोर वाढतो!"

सगळे थक्क! पार्बताबाईने तोंडाला पदर लावला. नानाभाऊ बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिले. मग माझ्याजवळ आले आणि पहिल्यांदाच आदराने बोलले.

"पटलं, बाई. चूक आमची होती. आता खाली किती डबे पाठवता?"

*

मग पोळा आला.

लाईनीत राहणाऱ्यांकडे बैल कुठून असणार? शेतं गावाकडे, बैल भावांकडे. म्हणून पार्बताबाईने आणि बायांनी लेकरांसाठी मातीचे बैल केले. बोटाएवढाले, शिंगांसकट. माती अर्थातच कांड्यांची! पोळा झाला, पूजा झाली, आणि सगळे बैल तळ्यात शिरवायला, म्हणजे विसर्जनाला, टोपल्यांत गोळा करून ओल्या फडक्याखाली ठेवले.

मला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी मी खाणीच्या तोंडाशी उभी राहून ओरडत होते, "आज एक टोपली जरी वर राहिली, तर बघा!"

सणामुळे कांडी एकही वळलेली नव्हती. बिचाऱ्या राजय्याला समोर दिसल्या त्या टोपल्या त्याने उचलल्या आणि माझ्या भीतीने सगळ्या खाली नेल्या. खाली फडकं काढलं तर बैल! आता काय करायचं? वर येऊन मला विचारायची कुणाची छाती? शेवटी नानाभाऊंनी निकाल दिला, "शिरवाचेच होते. तळ्यात काय अन् भोकात काय!"

पण एक अडचण होती. पुजलेल्या बैलाची चिमूट कशी घेणार? मोडला तर पाप! म्हणून अख्खा बैल सारला. एक सारून भोक भरेना, आणि मागे राहिलेल्या बैलांचं काय करायचं, म्हणून आणखी सारले. प्रत्येक भोक तोंडापर्यंत.

वर माझ्या टेबलावरची दौत उडाली. त्या दिवशी एवढा कोळसा पडला की भरायला रुळांवरचे डबे पुरेनात.

"बघा!" मी आनंदाने उड्या मारत होते. "पहिल्यांदा पूर्ण माती भरलीत! बघा, माती!"

"माती नाई, बाई," नानाभाऊ गंभीरपणे म्हणाले. "बैल."

"अहो, बैल मातीचाच होता!"

"गणपती बी मातीचाच ऱ्हाते. म्हणून तुमी ढेकूळ पुजता काय?"

याचं उत्तर बी.एस्सी.ला शिकवत नाहीत!

*

पार्बताबाई आता रोज नवे बैल वळून, पुजून देऊ लागली. मी तरी हट्टाने पुन्हा कांड्या पाठवल्या. एक दिवस कांडी, एक दिवस बैल, होऊन जाऊ दे! कांडीच्या दिवशी त्यांनी सवयीने चिमूटभर घातली. फुस्स! बैलाच्या दिवशी अख्खी जनावरं सारली. धडाम्! आणि निकाल सगळ्या लाईनीत जाहीर झाला: सायन्स हरलं.

दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली. खाणीच्या तोंडाशी चौकट उभी राहिली होती, सुतार बिजागऱ्या ठोकत होता. प्रत्येक ठोक्याला मला वर्ध्याचा तो शांत मुलगा दिसायचा. माझं खरं आहे, हे मी रोज सिद्ध करत बसले असते, तर खऱ्यासकट वर्ध्याला गेले असते!

मी पार्बताबाईच्या ओसरीवर जाऊन बसले. एक बैल उचलला.

"पार्बताबाई, हे फार रोड आहेत गं. हडकुळा बैल काय ओढणार?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पोरी, तू बी?"

"मी बी!"

बैल धष्टपुष्ट झाले. भोकात घट्ट बसू लागले. मग मी नानाभाऊंना गाठलं. "नानाभाऊ, मधल्या दोन भोकांतले बैल म्हणजे मुख्य जोडी ना? मग ती एका जुवाला नको का?"

"पायजे," नानाभाऊ सावध झाले.

"पण आपली भोकं सरळ. एक बैल इकडे, एक तिकडे, जवळ येतच नाहीत. जू मानेवर बसायचं कसं?"

नानाभाऊ मिशीवरून हात फिरवत राहिले. राजय्या, गिरमिटवाले, सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"भोकं तिरपी पाडा लागन," ते शेवटी म्हणाले. "आतल्या अंगानं जुळली पायजे."

"असं म्हणता?"

"शेतीतलं काम हाय थे, बाई. तुमाले नाई समजाचं."

त्या पाळीपासून मधली भोकं तिरपी! माझ्या भिंतीवरच्या आराखड्याबरहुकूम! कोळसा असा पाचरीसारखा सुटून येऊ लागला की वर बाया गाणी म्हणत डबे ओढू लागल्या. मी भिंतीमागे उभी राहून एकटीच हसत होते, तेवढ्यात भोकातून आवाज आला.

"नानाभाऊंची कल्पना उत्तम निघाली, नाही?"

मी एक ओला, धष्टपुष्ट बैल घेतला आणि त्या भोकात सारला. गच्च!

*

दिवाळीच्या आधी शेटजी आले. बरोबर कलकत्त्याहून एक तज्ज्ञ. विलायतेत शिकलेला, पण आपल्याकडचाच, माझ्याहून थोडा मोठा, जाड चष्मा. त्याच गाडीतून बाबाही उतरले. माझं सामान न्यायला रिकामी ट्रंक घेऊन!

"कोळसा वाढला म्हणतात," शेटजी सबनीस साहेबांना म्हणाले. "मला बनवाबनवी नको. हे खाली जाऊन बघतील. काही वेडंवाकडं चाललेलं असलं, तर आजच कुलूप." ते पितळी कुलूप त्यांनी टेबलावरून उचलून हातात घेतलं.

तज्ज्ञ खाणीच्या तोंडाशी गेला आणि थबकला. समोर सागाचं दार, बंद. त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. त्याने कडी काढली, आत गेला. मागून नानाभाऊंनी आत जाऊन शिस्तीत दार लावून घेतलं.

आम्ही बाहेर उभे. शेटजी हातातल्या कुलुपाशी चाळा करत होते. बाबा ट्रंकेवर बसले होते. पार्बताबाई आणि तिच्या बाया रांगेत, हातांना माती तशीच. मी मनातल्या मनात इंग्रजीतून भाषण जुळवत होते: माती, दाब, कोन.

दार उघडलं. तज्ज्ञ बाहेर आला, नखशिखान्त काळा. तळहातावर एक बैल.

सबनीस साहेबांनी घाम पुसला.

"हे कुणी केलं?" तज्ज्ञाने विचारलं.

सगळे वडीलधारे या खाणीत पहिल्यांदाच एकमताने माझ्याकडे वळले. नानाभाऊ, साहेब, सगळे एका सुरात! "या बाईनं!"

मी पुढे झाले. तोंड उघडलं. भाषणातला एक शब्द आठवेल तर शपथ!

तज्ज्ञाने बैल हातावर तोलला. अंगठ्याने पोट दाबून पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवून शिंगं पाहिली, मग पाठ पाहिली. शेटजींचा हात कुलुपावर थांबलेला.

"वशिंड लहान आहे," तो म्हणाला. "थोडं मोठं ठेवा."

"ठेवू, साहेब," पार्बताबाई म्हणाली.

शेटजींनी कुलूप कोटाच्या खिशात टाकलं. तज्ज्ञाने बैल रुमालात नीट गुंडाळला, स्वतःच्या खिशात ठेवला आणि हात धुवायला पाणी मागितलं.

बाबा ट्रंकेवरून उठले. तांब्या त्यांनी स्वतः भरून आणला, त्याच्या हातावर पाणी घालू लागले, आणि हळूच विचारलं,

"आपलं गोत्र कोणतं?"